ओट्याची उंची

घर बांधताना गवंडी दाराचं माप दाराच्या चौकटीवरून घेतो, खिडकीचं भिंतीवरून. स्वयंपाकाच्या ओट्याचं माप मात्र तो घरातल्या बाईवरून घेतो. "वहिनी, जरा इथं उभ्या राहा." वहिनी उभ्या राहतात, कोपरात हात दुमडतात. तो कोपरापासून जमिनीपर्यंत टेप सोडतो, चार-पाच इंच वजा करतो आणि भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारतो. बहुतेक वेळा ही रेघ ३२ ते ३४ इंचांवरच येते, ती त्याला आधीपासून ठाऊकही असते, पण विचारायची रीत आहे. तयार फ्लॅटमध्ये तेवढीही नसते. बिल्डर ओटा घालून मोकळा होतो, आणि नंतर येणारी बाई कमी-जास्त असेल तर ते तिचं नशीब.

वाईट पद्धत आहे असं नाही. रोज जिनं वापरायचं, तिच्या मापाचं करावं, यात कुणाला खोट काढता येणार? फक्त घरातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूसाठी असं एकाच माणसाला भिंतीशी उभं करत नाहीत. बेसिनवरचा आरसा घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या चेहऱ्याला पुरेल असा लागतो आणि बाकीचे टाचा उंचावून भांग पाडतात. माळा तर कुणाच्याच हाताला येत नाही. ओटा तेवढा एका माणसाचा.

आता त्या ओट्याशी सहा फुटी माणूस उभा करून पाहा. चहा टाकायला आलेला भाचा आधी पाय फाकवतो, मग कमरेत वाकतो, आणि पाणवठ्यावरच्या जिराफासारखा शेगडीवर झुकतो. दहा मिनिटांत त्याची पाठ भरून येते. तो खोटं बोलत नसतो, ती खरंच भरून येते. "राहू दे रे, मी करते," असं कुणीतरी म्हणतंच, आणि भाचा सुटतो. आपल्याकडे बायकांची सरासरी उंची पाच फूट, पुरुषांची साडेपाच फुटांच्या आसपास. उभ्यानं मोजलेला हा अर्धा फूट कोपरापाशी येईपर्यंत तीन-चार इंच उरतो. तीन-चार इंचांवर एवढी मोठी रजा मिळवणारं दुसरं खातं मला माहीत नाही.

आणि ज्या बाईच्या मापानं ओटा केला, तिला तरी तो कुठे बसतो? ओट्यावर शेगडी येते, शेगडीवर कुकर. म्हणजे डाळ घोटायला हात पार खांद्याशी. सिंक मात्र ओट्याच्या खाली आठेक इंच खोल. घासायचं पातेलं त्याच्या तळाशी, म्हणून तिथे वाकायचं. शेगडीखालचा ओटा बुटका हवा आणि सिंकपाशी उंच हवा, हे कुठल्याही बाईला पहिल्या आठवड्यात कळतं. पण पूर्वी कडाप्पा आणि आता ग्रॅनाइट, लादी एकसंध आणि एका पातळीत घालणं सोपं. मग मधली उंची निघते. त्या मधल्या उंचीची किंमत सकाळी खांदे देतात, रात्री कंबर.

उंचीची ही कटकट मुळात उभ्या ओट्यानं आणली. चूल जमिनीवर होती तेव्हा सगळंच जमिनीवर होतं. विळी पायाखाली दाबून भाजी चिरायची, पाटा-वरवंटाही खाली, वैलावर आमटी मुरत ठेवून भाकरी थापायची. बसलेल्या माणसांच्या उंचीत फरक थोडाच असतो. आपण एकमेकांपेक्षा उंच असतो ते बरंचसं पायांनी. म्हणजे विळीला सासू, सून, सासरा, सगळे सारखेच. तरी तिच्यावर सासरा काही बसला नाही. तिकडे लग्नाच्या मांडवामागे भट्टी पेटली की मात्र बुंदी पाडायला, मठ्ठ्याचं पिंप ढवळायला आचारी पुरुषच. तेव्हा मापाचा दोष मापाला द्यावा तेवढाच. कुणी करायचं हे आधी ठरलं. ओट्यानं फक्त ते दगडात बसवून दिलं.

असंच एकदा जर्मनीत झालं. मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. सव्वासहा फूट रुंद, अकरा फूट लांब. हात लांबवला की डबा, वळलं की सिंक. अशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं बांधली गेली, आणि आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे. बाईंचा हेतू चांगला होता, घरातल्या बाईचे हेलपाटे वाचावेत आणि तिचा वेळ तिला मिळावा. खिडकीपाशी त्यांनी एक टेबल आणि फिरतं स्टूल दिलं, म्हणजे चिरताना-निवडताना बसता यावं. ते स्टूल आपल्याकडे येता येता वाटेत कुठे पडलं कोण जाणे. पण त्या स्वयंपाकघरात दुसरा माणूस मावत नसे. पुढे त्याच्यावर टीका झाली ती नेमकी याच कारणानं. वेळ वाचवला, पण बाईला एकटीला त्या बोळात उभं केलं. आपल्या वन बीएचकेतल्या स्वयंपाकघरात फ्रिज उघडला की दुसऱ्यानं बाहेर जायचं असतं, तेव्हा मला ही टीका पटते. गंमत म्हणजे हे सगळं आखणाऱ्या बाईंनी तोपर्यंत कधी स्वयंपाक केला नव्हता. असं त्यांनीच पुढे सांगितलं. त्या १०२ वर्षं जगल्या.

वेळेचा विषय निघालाच आहे तर आपल्या सरकारचे आकडे पाहावेत. देशभरातले लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात याची पाहणी २०१९ मध्ये झाली. आपल्याच घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात रोजची २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. आणि हे ९७ सगळ्या पुरुषांचे नव्हेत. घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६, बायका ८१. जे मुळात ओट्याकडे फिरकलेच नाहीत ते या सरासरीत नाहीत. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटं २९९ वरून २८९ वर आली. आनंद होणार, तोच पुढचा आकडा दिसला. पुरुषांचीही ९७ वरून ८८ वर आली होती. तिची दहा मिनिटं कमी झाली ती त्यानं उचलली नाहीत, एवढं नक्की. उरलेला हिशेब मिक्सर, वॉशिंग मशीन आणि घरपोच डबेवाले यांनी आपसात करावा.

डोंबिवलीच्या माझ्या एका मैत्रिणीनं हा ओट्याचा प्रश्न धसाला लावला. ती पाच फूट, नवरा पाच-अकरा. सकाळचे डबे ती करते, रात्रीचा स्वयंपाक आणि त्यानंतरची आवराआवर त्याची. ओटा तोडून नवा करायचा ठरला. दुकानातला माणूस सगळी माहिती "मॅडम, मॅडम" करत तिलाच देत होता. नळ कुठला हवा हे नवऱ्यानं विचारलं, तर त्याचंही उत्तर तिच्याकडे बघून. घरी कंत्राटदार टेप घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "सिंकपाशी यांचं माप घ्या." त्याला वाटलं थट्टा चालली आहे. मग त्यानं दोघांचीही कोपरं मोजली आणि व्यवहारी माणसासारखा तोडगा काढला, "मधलं धरू का?" ती नाही म्हणाली. शेवटी शेगडीची बाजू ३२ इंच आणि सिंकची ३६ इंच असा पायरीचा ओटा झाला. सासूबाई आल्या, पायरी पाहिली, "पुसायला त्रास गं," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सिंकपाशी उभ्या राहून, "वाकायला लागत नाही मात्र," असंही म्हणाल्या. नवरा खूश. समता डोंबिवलीत पोचली, असं आम्ही सगळ्यांनी चहा पिताना जाहीर केलं.

सकाळी मावशी आल्या.

त्या चार फूट दहा असतील. दिवसाची भांडी त्याच घासतात. नवऱ्याच्या वाट्याला रात्रीची तेवढी, तीही कुकर-कढई भिजत घालून. मावशींनी छत्तीस इंचांचं सिंक पाहिलं आणि विचारलं, "आता मला शिडी देणार का?" मैत्रिणीनं माळ्यावरून जेवायचा जुना पाट काढला. तो आता सिंकपुढे असतो. मावशी त्याच्यावर चढून घासतात, नवरा रात्री तो पायानं बाजूला सारतो.

मोठ्या शहरांतल्या पुष्कळ घरांत नवरा-बायकोचं भांडण मिटतं ते असं. काम अर्धं त्याच्याकडे जात नाही, बरंचसं तिसऱ्या बाईकडे जातं, आणि मग दोघांत वाटून घ्यायला थोडंच उरतं, ते गोडीगुलाबीनं वाटता येतं. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रानं २००८ मध्ये कायदा केला, कल्याण मंडळ स्थापन करायचं ठरवलं. कायद्याला ओट्याची उंची मोजायला सांगणं हे जरा जास्तच, मलाही कळतं. पण मावशी सकाळच्या वेळात चार घरं करतात. चार सिंका, चार उंच्या, कुठलीही त्यांना विचारून घेतलेली नाही. त्यांच्या पाठीला चारही मापं पाठ आहेत.

मैत्रिणीनं सहज विचारलं, "मावशी, तुमच्या घरी ओटा केवढा?"

"आमचा ओटा कसला, शेगडीपुरती फळी. भांडी मोरीत. सकाळची मोठा पोरगाच घासतो आता, मी अंधारातच निघते ना. चांगला उंच झालाय. पण खाली बसल्यावर उंची-बिंची कुठली आलीय?"

मैत्रीण कौतुकानं काहीतरी बोलणार, तेवढ्यात मावशींनी नळ सोडला आणि आवाज चढवून पुढचं सांगितलं, "दार लावून घेतो मात्र. शेजारची पाण्याला येते त्या वेळी, तिला दिसायला नको म्हणतो!"