तुम्ही विचारलंत म्हणून: व्हॅनमध्ये घरची आठवण आली तर?

न्यूझीलंडला कॅम्परव्हॅन घेऊन फिरायचं म्हटलं की सोलापुरात व्हिसा-तिकिटाच्या आधी एकच प्रश्न येतो: महिनाभर परक्या मुलखात, गाडीतच झोपायचं, गाडीतच शिजवायचं, घरची आठवण येत नाही का? आणि आली तर काय करता?

येते. पण बहुतेक वेळा दमलेल्या, उपाशी माणसाला येते, तेही संध्याकाळी. त्यामुळे मन घट्ट करण्यापेक्षा दिवसाचं वेळापत्रक घट्ट करा.

पहिला घोळ उजेडाचा. आपल्याकडचे लोक डिसेंबर-जानेवारीत जातात, तेव्हा तिथे ऐन उन्हाळा असतो. क्वीन्सटाउनला सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो. आपल्या अंगाला सातच्या आत दिवेलागण, मग ताट, ही सवय. तिथे सात वाजता लख्ख ऊन, म्हणून अजून पन्नास किलोमीटर मारू असं वाटतं. जेवण दहाला, मुक्काम अनोळखी, आणि घशाशी आवंढा. म्हणून मोबाइलवर सातचा गजर लावा आणि ऊन असलं तरी ताट वाढा. चारच्या आत गाडी लावा. दिवसाला दोन-अडीचशे किलोमीटर पुरे. नकाशावर तीन तास दिसणारा घाटरस्ता व्हॅनला चार तास घेतो. डावीकडून चालवायचं असल्याने आपल्याला तेवढं सोपं जातं.

फोनचंही गणित इथेच बसतं. त्या दिवसांत तिथलं घड्याळ आपल्यापुढे साडेसात तास असतं. गाडी चारला लावली की सोलापुरात सकाळचे साडेआठ. चहा झालेला, कामाची गडबड अजून सुरू व्हायची. तेव्हाच बोला, दहा मिनिटं. रात्री झोपताना व्हिडिओ कॉल करू नका. तिकडे दुपारच्या पंगतीत सगळे हसत असतात, इकडे तुम्ही अंधारात. ते बघून झोप उडते. रेंज नसलेले पट्टे आदल्या दिवशीच घरी सांगा. ‘ते आनाउ’ या गावाहून मिलफर्ड साउंड ही खाडी ११८ किलोमीटर, आणि बहुतेक वाटेत फोन मुका. ‘उद्या संध्याकाळपर्यंत लागणार नाही’ एवढा निरोप दिला नाही तर आईच्या काळजीचं ओझं तुमच्याच डोक्यावर बसतं.

आता भाकरी. मंगळवेढ्याची ज्वारी खाऊन वाढलेल्या माणसाला चौथ्या दिवशी ब्रेड नकोसा होतो. ज्वारीचं पीठ ऑकलंड, क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानांत मिळतं; इथून पोतं न्यायची गरज नाही. मात्र व्हॅनच्या घडीच्या टेबलावर भाकरी थापायला गेलात तर टेबल हलतं, भाकरी फाटते. उकड काढा: वाटीभर पिठाला पाऊण ते एक वाटी उकळतं पाणी, चिमूटभर मीठ, पाच मिनिटं झाकण. कोमट असताना मळून प्लॅस्टिकच्या कागदाखाली लाटा. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नसतो, तो या गरम पाण्याने थोडा येतो. शेवटी जाळावर फुगवायचा मोह आवरा, धुराचा अलार्म किंचाळतो. तव्यावरच फडक्याने दाबून भाजा.

फोडणी मात्र बाहेरच. मिरचीचा ठसका गादीत बसला की आठवडाभर निघत नाही. बाहेरच्या छोट्या शेगडीची गॅसची डबी बहुधा ब्युटेनची असते. थंडी शून्याकडे गेली की ब्युटेनची वाफच होत नाही, ज्योत मरते. गार पहाटेला प्रोपेन चालतं. शेगडी बंद गाडीत ऊब घ्यायला कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंडक्शन गाडीच्या बॅटरीवर चालेल ही आशा सोडा: २००० वॉटला १२ व्होल्टवर पावणेदोनशेच्या आसपास अँपिअर लागतात. ती हौस विजेची जोडणी असलेल्या हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे व्हॅन लावायच्या पैसे देऊन मिळणाऱ्या तळावर भागवा.

शेंगाचटणी, कडक भाकरी बरोबर नेणार असाल तर प्रवेशाच्या घोषणापत्रात सगळं लिहा, शंका असली तरी. लिहिलेलं तपासतात, सोडतात किंवा काढून घेतात. जोखमीचा पदार्थ न लिहिता सापडला तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो. मध नेऊच नका.

फुकट मुक्कामाच्या जागांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी गाडी स्वयंपूर्ण (शौचालय, पाणी गाडीतच) असल्याचा दाखला लागतो, तो भाड्याच्या अनेक व्हॅनना असतो. पण अशा जागा सुंदर आणि निर्मनुष्य. लागोपाठ तीन रात्री तिथे काढल्या की वाडा, गल्ली, शेजार सगळं आठवतं. दर तिसऱ्या रात्री हॉलिडे पार्क घ्या. तिथल्या सामाईक स्वयंपाकघरात कुणीतरी कांदा चिरत असतंच. चौकशी आपोआप सुरू होते. कपडेही धुऊन होतात. रात्री खिडकी बोटभर उघडी ठेवा, नाहीतर दोघांच्या श्वासाने काचा ओघळतात आणि ओलसर चादरीत झोप लागत नाही.

सगळ्यात अवघड आठवडा संक्रांतीचा, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या म्हणजे गड्ड्याच्या यात्रेचा. सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघालेत आणि आपण इथे, हे पक्क्या सोलापूरकराला झोंबतंच. तेवढे दोन-तीन दिवस इंटरनेट चांगलं असलेल्या गावातली जागा महिनाभर आधी राखून ठेवा. जानेवारीत तिथे शाळांना सुट्टी असते, पार्क भरलेले असतात. यात्रेतला अक्षता सोहळा सोलापूरच्या दुपारी, म्हणजे न्यूझीलंडमध्ये रात्रीचे साडेआठ-नऊ. जेवण त्याआधी उरकून घ्या. बाजरीचं पीठ, तीळ आणि गूळ शहरातून निघतानाच भरा, पुढच्या छोट्या गावांत मिळेलच असं नाही.