घमेलं, खोबरेल आणि आबाजी

आमच्या अचलपूरकडच्या गावात रविवारची उपासना सुटली, की मी आबाजींकडे जाते. कुष्ठरोगाच्या गोळ्या त्यांनी केव्हाच पूर्ण केल्या. 6 किंवा 12 महिन्यांच्या औषधांनी रोग बरा होतो, पण मेलेल्या नसा परत येत नाहीत. तळव्यात काटा रुतला तरी कळत नाही. म्हणून आधी तळवे नीट पाहायचे. मग घमेल्यात साधं पाणी. गरम नाही, भाजलेलंही कळायचं नाही. वीसेक मिनिटं पाय बुडवायचे, घट्टे हलके घासायचे, ओल्या कातडीवरच खोबरेल चोळायचं. भेग पडली की जखम, जखम चिघळली की बोट गमावण्याची वेळ.

मत्तयाच्या 25व्या अध्यायात येशू भुकेल्याचं, उघड्याचं, आजाऱ्याचं विचारतो. चर्चची हजेरी विचारत नाही. (पाळकसाहेबांना माझं हे म्हणणं फारसं रुचत नाही.)

"काहून वं पोरी, तुह्या देवानं सांगतलं का माहे पाय धुवाले?"

"हो जी आबाजी, सांगतलं."

ते माळकरी, मी ख्रिस्ती. त्यावरून आमचं कधी वाजलं नाही. वाजतं ते चपलेवरून. मऊ रबराची, बिनखिळ्याची खास चप्पल मिळाली आहे, आणि ती यांनी नातीच्या लग्नासाठी पेटीत ठेवली आहे. वावरात मात्र अनवाणी! नात अजून सातवीत आहे.