तुम्ही विचारलंत म्हणून: टीममध्ये बाई असली की काय फरक पडतो?

कॉलेजच्या कार्यक्रमात हा प्रश्न येतो, आठ मार्चला ऑफिसात येतो, परवा तर लग्नाच्या पंगतीत मावसभावानंही विचारला. "तुझ्यासारख्या बायका कोडिंगमध्ये आल्यावर सॉफ्टवेअर सुधारतं का गं?" माझं उत्तर तयार असतं. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकाचे पहिले प्रोग्रॅम सहा स्त्रियांनी बसवले होते, इथून मी सुरुवात करते आणि बाईच्या अडचणी बाईलाच आधी दिसतात, इथं थांबते. टाळ्या पडतात. त्यातलं एनिॲकचं खरं आहे. पुढचं वाक्य मी २०२२ पासून मनाविरुद्ध बोलत आले आहे.

त्या वर्षी आम्ही एका सरकारी मदत योजनेचा ऑनलाइन अर्ज बनवत होतो. टीम सहा जणांची, त्यात बाई मी एकटी. विभागाकडून एक्सेलमध्ये रकान्यांची यादी आली. अर्जदाराचे नाव, पतीचे किंवा वडिलांचे नाव, आडनाव, तिन्ही अनिवार्य. वैवाहिक स्थितीच्या ड्रॉपडाउनमध्ये चार पर्याय होते: विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित. हे तीन रकाने जोडून पोचपावतीवर पूर्ण नाव छापणारी ओळ मी लिहिली. रकाना रिकामा राहिला तर पुढे जाऊ द्यायचं नाही आणि त्यात अक्षरंच चालतील, या अटीही माझ्याच.

आमच्याकडे कंत्राटावर एक टेस्टर होता, बीडकडचा, पंचविशीही न गाठलेला. त्यानं तिकीट उघडलं, म्हणजे टीमच्या यादीत तक्रार नोंदवली, मराठीत: "नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं पतीच्या रकान्यात काय भरायचं? परित्यक्ता हा पर्याय नाही." मी खाली लिहिलं, "एज केस. यादी विभागाची आहे." आणि तिकीट बंद केलं. एज केस म्हणजे क्वचित कुणाला तरी येणारी अडचण. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यानं पुन्हा विषय काढला. "मॅडम, आमच्या गावात अशा बऱ्याच हायेत." मी त्याला इंग्रजीत उत्तर दिलं. तो इंग्रजीत अडखळतो हे मला ठाऊक होतं. तो खाली बसला.

आता माझी बाजू. उद्घाटनाची तारीख ठरली होती. यादीतला एक शब्द बदलायचा तर विभागाचं पत्र लागायचं आणि पत्राला तीन आठवडे. शिवाय ज्या बाईला एकटीनं टीममध्ये बसावं लागतं तिलाच हे कळेल: हरकती मोजून घ्याव्या लागतात. मीटिंगचं इतिवृत्त दर वेळी मीच का लिहायचं, यावर मी भांडले होते. तालुक्याच्या दौऱ्याला मला वगळू नका म्हणून भांडले होते. महिन्याला तिसरी हरकत घेतली की आपण 'कटकट करणारी' ठरतो. ती तिसरी हरकत मी राखून ठेवली होती. कशासाठी, ते आता आठवत नाही.

अर्ज सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी पाहणीसाठी मराठवाड्यातल्या एका सेवा केंद्रावर गेले. ग्रामपंचायतीला लागून पत्र्याची खोली, एक प्रिंटर, आणि बाकावर दहा-बारा बाया. ऊसतोडीला जायच्या आधी कागद करून घ्यायचे म्हणून गर्दी होती. मी ऑपरेटरच्या मागे खुर्ची टाकून बसले. चौथ्या की पाचव्या बाई आल्या. चाळिशीच्या असतील, सोबत सातवीतली मुलगी. ऑपरेटरनं नाव टाकलं, आडनाव टाकलं, मधला रकाना आला. "नवऱ्याचं?" त्या म्हणाल्या, "ते नाही लावत मी. अकरा वर्सं झाली सोडून." "मग वडिलांचं?" वडिलांच्या नावानं त्यांचा एकही कागद नव्हता. ऑपरेटरनं मान डोलावली आणि सवयीनं टाइप केलं: निरंक.

मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "मॅडम, रिकामं ठेवलं तर पुढं जातच नाही. टिंब घेत नाही, रेघ घेत नाही. निरंक घेतंय. सगळी केंद्रं तसंच टाकतात." सरकारी तक्त्यात आकडा नसेल तिथे आपण निरंक लिहितो. मला ते चलाखीचं वाटलं, एक क्षण बरंही वाटलं, की लोक वाट काढतात.

मग प्रिंटर चालला. पोचपावती त्या बाईंच्या हातात आली. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी ती मुलीकडे दिली. मुलीनं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं: आईचं नाव, मग निरंक, मग आडनाव. सलग, एकाच ठळक ओळीत. माझी ओळ. मुलगी थांबली आणि म्हणाली, "आई, हे निरंक कोण?"

बाकावरच्या दोघी हसल्या. त्या बाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "आसंल सायबाचं काही," म्हणाल्या, कागदाची घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाच्या मागे ठेवला आणि गेल्या. मी उठून काहीच बोलले नाही. मी कोण हे तिथं फक्त ऑपरेटरला माहीत होतं. त्यानंतर तासभर मी तिथेच बसून होते आणि आणखी एक निरंक निघाली.

एज केस म्हणाले होते मी. संगमनेरला परित्यक्तांची परिषद १९८८ साली भरली होती. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेच्या शासन निर्णयात पात्र स्त्रियांची यादी आहे: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार. शब्द सरकारदरबारी होता, गावात तर होताच. पुण्यातल्या आमच्या खोलीत तो एकाच माणसाच्या तोंडी होता आणि त्याला मी गप्प केलं. आधारमध्येसुद्धा प्रौढ माणसाला नवऱ्याचं किंवा बापाचं नाव देणं सक्तीचं नाही. आमच्या अर्जाला ते कशाला हवं होतं? कुणी विचारलंच नाही, कारण नाव-नवरा-आडनाव हा क्रम आम्हा सहाही जणांच्या घरी तसाच चालत आलेला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं, तेव्हा कळलं की हा क्रम एका शासन निर्णयानं बदलतो.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. म्हणते, तू हरकत घेतली असतीस तरी पत्र आलं नसतं. खरं असेल. म्हणते, सॉफ्टवेअरचा दोष एका बाईच्या डोक्यावर का? बाकीच्या पाच पुरुषांना कुणी हा प्रश्न विचारतं का? हेही खरं, आणि याचा मला आजही राग येतो. पण तिकीट त्या पाचांपैकी कुणी बंद केलं नव्हतं. मी शिक्षकांची मुलगी, शहरात वाढलेली. माझं आडनाव ऐकून मला कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. बाई असणं एवढ्या एकाच गोष्टीत मी त्या खोलीत वेगळी होते आणि तेवढ्यावर मी साऱ्या बायांच्या वतीनं बोलायची.

२०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीणसाठी ई-केवायसी सुरू झालं, त्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार मागितला होता. दोन्ही नसलेल्या बायांचं काय, अशी ओरड झाल्यावर त्यांच्यासाठी वेगळी सोय झाली. बातमी वाचताना मला वाटलं, तिथेही कुणीतरी तिकीट उघडलं असेल का. माहीत नाही.

आमचा अर्ज दुरुस्त झाला. मधला रकाना ऐच्छिक केला, परित्यक्ता हा पर्याय आला, पत्रासाठी मीच खेटे घातले. जुन्या पावत्या नव्यानं छापून देण्याचं मात्र विभागानं मान्य केलं नाही, त्या पिशव्यांमध्ये तशाच असतील. आता नवीन माणूस घेताना मी गाव विचारते, घरात कोण कोण सेवा केंद्राच्या रांगेत उभं राहिलंय ते विचारते. सहकारी म्हणतात हे विचारणं बरोबर नाही. कदाचित नसेलही.

दुरुस्ती चढवली त्या रात्री मी ते जुनं तिकीट पुन्हा उघडलं, "एज केस" च्या खाली "चूक माझी होती" असं लिहिलं आणि पूर्ण झाल्याची खूण केली. तिकीट उघडणाऱ्याला अशा वेळी आपोआप मेल जातो. त्याचं कंत्राट मार्चमध्येच संपलं होतं आणि खातं बंद झालं होतं. मेल परत आला. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. अजून फोन केलेला नाही.