टायटॅनियमवर निकेल : सहावी पट्टी

टायटॅनियमच्या पाचव्या पट्टीवर विजेनं चढवलेलं (प्लेटिंग केलेलं) निकेल नखानं सोलून निघालं, हे मागे लिहिलंच होतं. ते पापुद्रे टाकले नव्हते, बरं झालं. काल भिंगाखाली उलटे करून बघितले. खालची बाजू आरशासारखी लख्ख आणि पट्टीवर निकेलचा कणही नाही. म्हणजे निकेल तुटलं नव्हतं, टायटॅनियमही नाही. दोघांचा जोड मुळात बसलाच नव्हता.

पट्टी ग्रेड ५ ची, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम. हवा किंवा पाणी लागलं की तिच्यावर लगेच ऑक्साइड धरतं, जेमतेम काही नॅनोमीटर. गंजापासून वाचवणारा हाच थर प्लेटिंगच्या मुळावर येतो. तो थर काढायला पट्टी ॲसिडात घालायचो, पण बाहेर काढून दोनदा धुवायचो, टिपायचो, मग करंटची वायर बांधायचो. तेवढ्या वेळात सगळं परत झाकलं जात होतं आणि मी दोष देत होतो निकेलच्या द्रावणाला.

हा थर काढायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरा, असं काही जण सुचवतात. मंडळी, घरी त्याला हात लावू नका. ते कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि दुखायला कधीकधी काही तासांनी लागतं.

सहाव्या पट्टीला वायर आधीच बांधली. गच्चीवर, ॲसिडचा मास्क लावून, गरम तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये सोडली. बराच वेळ काहीच नाही. मग बारीक बुडबुडे सुटले आणि चकाकी जाऊन शिसपेन्सिलीसारखा राखाडी रंग आला. तो रंग हवाच! वर टायटॅनियम हायड्राइड (टायटॅनियम आणि हायड्रोजनचं संयुग) बसतं आणि ऑक्साइडला परत धरायला वेळ लागतो. पृष्ठभाग खरबरीत होतो, तो फायदा वेगळाच. एकदाच पाण्यात बुचकळून, ओलीच, करंट चालू ठेवून वुड्स स्ट्राइकमध्ये, म्हणजे निकेलचा पहिला पातळ थर धरवणाऱ्या द्रावणात, घातली (निकेल क्लोराइड लिटरला २४० ग्रॅम, सोबत हायड्रोक्लोरिक). त्यावर वॅट्स निकेल, म्हणजे नेहमीच्या निकेलच्या द्रावणातला जाड थर.

जाड नळीवर वाकवली, तर बाहेरच्या अंगाला निकेल तडकलं, पण तड्याच्या कडेखाली ब्लेड शिरेना. हे पहिल्यांदाच झालं! मग ओव्हनमध्ये २०० अंशांना अर्धा तास ठेवून गार पाण्यात टाकली. निकेल टायटॅनियमच्या साधारण दीडपट प्रसरण पावतं, त्यामुळे खरा ताण जोडावर येतो. एका कोपऱ्यात मोहरीएवढा फोड आला, बाकी सगळं शाबूत. फोड नेमका वायरच्या वेढ्यापाशी. ॲसिडनंतर वेढा थोडा सरकला होता आणि त्याखालची ॲसिड न लागलेली जागा उघडी पडली होती.

सातव्या पट्टीला कडेला भोक पाडून वायर त्यातून आवळणार आहे.