मुरड

सासूबाईंनी मी केलेली पहिली प्येरोगी, म्हणजे उकडायची पोलिश करंजी, पिठाळ बोटांनी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि फिरवून फिरवून पाहिली. कडेला मुरड होती. आईनं दर दिवाळीला शेजारी बसवून शिकवलेली, दोरीच्या पिळासारखी, इकडची नाही की तिकडची नाही. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण शिजणार नाही."

नाहीच शिजली. करंजी तळायची असते, त्यामुळे मुरडीत पारी दुहेरी झाली तरी ती खुसखुशीतच होते. प्येरोगी उकळत्या पाण्यात सोडायची, वर तरंगली की दोन-तीन मिनिटांत झाऱ्यानं काढायची. तेवढ्या वेळात पोट शिजतं आणि मुरड चिवट राहते. सासूबाई कड नुसती चिमटीनं दाबत जातात, बोटांचे ठसे उठतात, झालं. लाटलेल्या पोळीतून गोल पाडायला वाटी नाही, काचेचा ग्लास. उरलेल्या कातरणाचा पुन्हा गोळा. बाकी सगळं आमच्याच घरातलं : ओट्यावर पीठ, पिठात बायका, आणि पुरुष दर दहा मिनिटांनी "झालं का?" विचारून जाणार.

ही २००९ सालच्या डिसेंबरची गोष्ट. गाव व्रोत्सवाफ, पोलंडच्या नैर्ऋत्येला. लग्नानंतरचा माझा पहिला नाताळ. पोलिशमध्ये आईला 'मामा' म्हणतात, म्हणून मीही सासूबाईंना मामाच म्हणते. सुरुवातीला मी कोल्हापूरला फोनवर "मामा म्हणाल्या" असं सांगायचे आणि आई पलीकडून विचारायची, "कुठले मामा? आणि 'म्हणाल्या' काय?"

मामांचा जन्म १९५६ चा. प्येरोगी करायला बसल्या की त्यांच्या बोटांबरोबर तोंडही चालू लागतं, आणि सगळ्या आठवणी सात-आठ वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून दिसलेल्या असतात. ओट्याची कड, आजीचा ॲप्रन, टेबलाखालून दिसणारे पाहुण्यांचे बूट. नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण म्हणजे विगिलिया. पदार्थ बारा, मांस वर्ज्य, मासे चालतात. त्या दिवशी मामांकडे मुलीचं म्हणून एक ठरलेलं काम असायचं : कान करायचे.

'उश्का' म्हणजे छोटे कान. बीटाच्या आंबट सारात, बार्श्चमध्ये, सोडायच्या इवल्याशा प्येरोग्या. पिठाचा दोन बोटं रुंदीचा चौकोन, मध्ये हरभऱ्याएवढं सारण, त्रिकोणी घडी, मग दोन टोकं करंगळीभोवती वळवून चिकटवायची. ज्या घरचे कान लहान त्या घरची सून गुणाची, असा हिशोब. म्हणून मुलांना कामाला लावायचं, त्यांची बोटं बारीक. मामा सांगतात, दीडशे कान झाले की स्वतःचे कान दुखायला लागायचे.

सारण सुकवलेल्या रानअळंब्यांचं. ती शरद ऋतूत जंगलातून आणायची, चकत्या करून दोऱ्यात ओवायच्या आणि माळा चुलीवर टांगायच्या. डिसेंबरात रात्रभर भिजत घातली की सकाळी सगळ्या घराला जंगलाचा वास. पावसाळ्यात आपल्याकडे जुनं लाकडी दार फुगतं, त्या वासाच्या जवळचा, पण भूक लावणारा. मामांच्या आजीची अळंब्यांची एक ठरलेली जागा होती. ती तिनं कुणालाही सांगितली नाही, सख्ख्या मुलीलाही नाही. नात लहान, वाट लक्षात ठेवणार नाही, म्हणून तिला तेवढं बरोबर न्यायची. नातीनं वाट पक्की लक्षात ठेवली. आता ती मला सांगत नाही.

प्रमाण विचारलं की मामांचं उत्तर एकच : "ना ओको." शब्दशः 'डोळ्यावर', म्हणजे आपलं अंदाजपंचे. मीठ ना ओको, मिरी ना ओको, पिठात कोमट पाणी ना ओको. गंमत म्हणजे याच लोकांची म्हण आहे की ना ओकोच्या नादात एक गडी इस्पितळात मेला. म्हण ऐकवून मामा मीठ पुन्हा चिमटीनंच टाकतात.

हे घर मुळात व्रोत्सवाफचं नाही. मामांच्या आईचं, म्हणजे बाब्चाचं, माहेर पूर्वेला ल्वुफजवळ. १९४५ नंतर तो मुलूख सोव्हिएत युक्रेनमध्ये गेला आणि तिथल्या पोलिश लोकांना मालगाड्यांत भरून पश्चिमेला पाठवलं. पुष्कळजण व्रोत्सवाफला उतरले. ते शहर तोवर ब्रेस्लाउ होतं, जर्मन. म्हणजे एकाचं घर गेलं म्हणून दुसऱ्याच्या गेलेल्या घरात राहायला यायचं. बाब्चाला मिळालेल्या स्वयंपाकघरात बरण्यांवर जर्मन अक्षरं होती. 'साखर' लिहिलेल्या बरणीत ती वर्षानुवर्षं रवा ठेवत आली. साखर कुठं होती तेव्हा!

सामानातून काय आलं ते मला नीट माहीत नाही, पण डोक्यातून कुत्या आली. अख्खे गहू शिजवायचे, त्यात वाटलेली खसखस, मध, अक्रोड. व्रोत्सवाफच्या त्या टेबलावर पहिला घास घेतला आणि मी चमचा खाली ठेवला. ही तर हुग्गी! खपली गव्हाची, खसखस घातलेली, आमच्या कोल्हापूरकडची. गुळाच्या जागी मध, आणि गरमच्या जागी गार, एवढाच फरक. मामांच्या आजोबांची पद्धत अशी की जेवायच्या आधी कुत्याचा एक चमचा छताकडे भिरकावायचा. जितके दाणे चिकटतील तितकं पीक चांगलं. ल्वुफकडे शेत होतं, ठीक होतं. व्रोत्सवाफला तिसऱ्या मजल्यावर कसलं पीक! तरी म्हातारबुवांनी चमचा भिरकावायचं सोडलं नाही, आणि आजीनं दरवर्षी स्टुलावर चढून छत पुसायचं.

'रुस्किए' प्येरोग्याही तिकडच्याच. बटाटा, परतलेला कांदा आणि त्वारूग, म्हणजे चक्का आणि पनीर यांच्या मधलं काहीतरी. नावावरून वाटतं रशियन, पण तो 'रूस' म्हणजे रुथेनिया, ल्वुफच्या भोवतालचा जुना प्रदेश. २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर इथल्या काही हॉटेलांनी मेनूकार्डावर त्यांना 'युक्रेनी' करून टाकलं. मामांनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "बटाट्याला काय कळतंय."

माझ्या नवऱ्याच्या लहानपणच्या आठवणी वेगळ्या. तो १९७९ चा. १९८१ मध्ये मांस कार्डावर गेलं, डिसेंबरात लष्करी कायदा आला, आणि त्याच्या आठवणींत पदार्थांपेक्षा रांगा जास्त आहेत. नाताळच्या तोंडावर क्यूबाहून जहाजानं संत्री यायची, हिरवट आणि चोथट. ती येताहेत ही बातमी असायची. पण सगळ्यात मोठा सोहळा कार्प माशाचा. मासा जिवंत मिळायचा आणि २४ तारखेपर्यंत ताजा राहावा म्हणून त्याचा मुक्काम बाथटबमध्ये. म्हणजे घरादारानं दोन-तीन दिवस आंघोळीची गोळी घ्यायची. मुलं टबच्या कडेवर बसून त्याला पाव घालणार, त्याचं बारसं करणार. मग चोवीसला सकाळी सासरे हातोडी घेऊन बाथरूममध्ये जायचे आणि तसेच परत यायचे. शेवटी वरच्या मजल्यावरच्या बाईंना हाक. त्या बाही सरसावून दोन मिनिटांत काम उरकून, हात धुऊन जायच्या. माझा नवरा आजही कार्प खात नाही, पण त्याचा एक खवला पैशांच्या पाकिटात ठेवतो. त्यानं पैसा टिकतो म्हणतात. तो काही टिकलेला मला दिसला नाही.

त्या पहिल्या विगिलियाला बाब्चा होती, पंचाऐंशीची. पांढऱ्या मेजपोशाखाली गवत पसरलेलं, एक ताट जास्तीचं मांडलेलं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. चारच्या आतच अंधार पडला. पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायचं नाही आणि आभाळ गच्च. तेव्हा नवऱ्यानं दरवर्षीप्रमाणे समोरच्या इमारतीवरचा दिवा चांदणी म्हणून जाहीर केला. प्रत्येकानं दुसऱ्याच्या हातातल्या पापडासारख्या पातळ ओप्वातेकचा तुकडा मोडला, शुभेच्छा दिल्या. बाब्चा माझ्यापाशी आली आणि गाव कुठलं म्हणून विचारलं. भारत, एवढ्यावर भागलं नाही. कोल्हापूर, म्हटल्यावर ती थांबली. मग म्हणाली, "वालिवादे."

मी आयुष्यात आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा उच्चार असा ऐकला नव्हता. तिच्या शाळेतली, एकाच बाकावर बसणारी मैत्रीण. १९४० मध्ये एका रात्रीत ते कुटुंब सोव्हिएत सैनिकांनी उचलून सैबेरियात नेलं. पुढे सुटका झाल्यावर इराणमार्गे ती पंचगंगेकाठी पोचली. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. मैत्रिणीचं पत्र बाब्चाला फार उशिरा मिळालं. त्यातलं तिला एवढंच आठवत होतं की तिथं डिसेंबरात दारं-खिडक्या उघड्या टाकून विगिलिया जेवतात. "खरंच?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "खरंच. दुपारी तर पंखाही लागतो." ती बराच वेळ हसत होती.

माझ्या मुरडीच्या प्येरोग्या त्या रात्री ताटात आल्याच नाहीत. मामांनी त्या पाण्यातून काढून एका थाळीत बाजूला ठेवल्या होत्या. मला जरा लागलंच. पंचवीसला सकाळी लोण्याच्या वासानं जाग आली. स्वयंपाकघरात मामा गाऊनवर उभ्या, आणि बिडाच्या तव्यात आदल्या दिवशीच्या प्येरोग्या. चिवट मुरड लोण्यात तांबूस, कुरकुरीत झाली होती. त्यांनी एक मुरडीकडून मोडून खाल्ली, मग दुसरी.

आता दरवर्षी शंभरातल्या वीसेक मी मुरडीच्या करते. कुणी काही म्हणत नाही, त्या आपोआप वेगळ्या थाळीत जातात. नाताळच्या सकाळी मी आठला उठते, तेव्हा तव्यात फक्त बिनमुरडीच्या उरलेल्या असतात.