नडगीचं हाड जुळल्यानंतर: माझा अनुभव

एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं म्हणजे ट्रकच्या चाकाखाली आलेला पाय बरा झाला, असं नसतं. चाकाच्या वजनाखाली हाडासोबत स्नायू, नसा आणि कातडीही चिरडली जाते. नडगीच्या पुढच्या अंगाला तर स्नायू नसतोच, नुसती कातडी असते. आजूबाजूचं मांस गेलं की हाडाचा रक्तपुरवठाही तुटतो, म्हणून असं उघडं फ्रॅक्चर फार हळू जुळतं. ९ महिने उलटले आणि त्यातल्या शेवटच्या ३ महिन्यांत काहीच प्रगती नसेल, तर हाड आपणहून जुळेल ही आशा सोडून पुढचं ऑपरेशन ठरवतात. तंबाखू आणि सिगारेटमुळे हे जुळणं आणखी लांबतं.

माझ्या पायाला आधी बाहेरून फ्रेम होती, मग आत रॉड घातला. फ्रेमच्या पिनेपाशी थोडं पाणी येणं, खपली धरणं चालतं. लाली पसरली, पू आला किंवा पिन हलायला लागली, तर त्याच दिवशी दाखवायचं.

खरी लढाई गुडघ्याची. सपाट जमिनीवर चालायला तो साधारण ६५ ते ७० अंश वाकावा लागतो, जिन्याला ९०च्या आसपास, बुटक्या खुर्चीतून उठायला १००च्या वर आणि उकिडवं बसायला १२०च्या पुढे. सगळ्यांचं लक्ष या वाकण्याकडेच असतं. पण गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर त्रास जास्त, कारण उभं राहतानाही मांडीचा स्नायू सतत ताणलेला राहतो आणि थोड्या चालण्यात पाय थकतो. त्यासाठी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सोडायचा, १० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. नजरेचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून अंश कोनमापकानेच मोजायचे, ठरलेल्या वेळी, त्याच स्थितीत, आणि वहीत लिहायचे. वाटीच्या १० सेंमी वर मांडीचा घेरही टेपने घ्यायचा. दोन्ही पायांतला फरक कमी होत नसेल, तर व्यायाम स्नायूपर्यंत पोचत नाहीये. गुडघा दुसऱ्या सकाळीही सुजलेला असला तर आदल्या दिवशी अति झालं. दुसऱ्याकडून जोर लावून वाकवून घेणं तर नकोच.

पाऊल वर उचलणारी नस गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, बारक्या हाडाच्या मानेला वळसा घालून जाते. तिथे ती चेंगरली की पाऊल लोंबतं आणि चवडा जमिनीला घासतो. नस परत वाढते ती दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे वाट महिन्यांची. तोवर पाऊल काटकोनात धरणारा स्प्लिंट वापरावाच लागतो, नाहीतर टाचेमागची शीर आखडते आणि नस परतली तरी पाऊल वर येत नाही. बधिर कातडीला स्प्लिंट टोचलेला कळत नाही. मी रोज रात्री आरशात तळवा बघतो. स्प्लिंट काढल्यावर २० मिनिटांनीही लाल डाग राहिला, तर स्प्लिंटची तिथली जागा बनवणाऱ्याकडून घासून घ्यायची.

पाय आखूड झाला असेल तर साधारण १ सेंमीपर्यंतची भर बुटाच्या आत मावते, त्यापुढची तळाला लावावी लागते. दुर्लक्ष केलं की कंबर धरते.

जुन्या जखमेतून वर्षांनंतरही पाणी झिरपू लागलं, तर हाडात जंतू असू शकतात. अशा वेळी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नयेत. मग तपासणीत जंतूच सापडत नाहीत. वरवरच्या बोळ्याने घेतलेला नमुनाही फसवा असतो, तो खोलवर हाडातून घ्यावा लागतो.

एअर हॉर्नने अंग गोठणं, झोप उडणं हेही याच दुखापतीचं. महिन्याभरापेक्षा जास्त टिकलं तर मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं, फिजिओथेरपी थांबवायची नाही.

एक कागद फार कुणी मागून घेत नाही: ऑपरेशनच्या नोंदीतलं रॉड आणि स्क्रूचं स्टिकर. कंपनी आणि माप त्यावर असतं. रॉड काढायची वेळ आली की त्याच मापाचं हत्यार लागतं, आणि ते हाताशी नसेल तर ऑपरेशन टेबलावर अडतं.