डडलियाच्या शोधात सन व्हॅलीला

ऑक्टोबर उजाडला की दक्षिण कॅलिफोर्नियातल्या झाडवेड्या मंडळींना स्थानिक रोपांच्या विक्रीचे वेध लागतात. मी जुन्नरची, त्यामुळे पहिल्या वर्षी मला याचे नवल वाटले होते. आमच्याकडे रोपे लावायची ती मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाल्यावर. इथे मात्र पाऊस बहुतेक सगळा नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडतो आणि उन्हाळा कोरडाठाक जातो, म्हणून पावसाच्या तोंडावर लागवड करायची तर ऑक्टोबरच गाठावा लागतो.

यंदा मी अर्व्हाइनहून भल्या सकाळी निघाले ती एकाच रोपासाठी. ते म्हणजे डडलिया, इथल्या डोंगरकड्यांवर उगवणारे मांसल पानांचे सक्युलंट. दोन वर्षांपूर्वी एका बाजारात ते हौसेने घेतले होते आणि जुलैच्या उन्हात पाने सुकू लागलेली पाहून त्याला रोज संध्याकाळी पाणी घातले होते. उन्हाळ्यात झाडाला तहान लागते, हे लहानपणापासून अंगात मुरलेले. तीन आठवड्यांत ते गाभ्यातून काळे पडले आणि हात लावताच मुळापासून सुटून आले. विकणाऱ्याने पाण्याबद्दल अवाक्षरही सांगितले नव्हते, याची खंत मला अजून आहे.

पाच नंबरच्या हायवेने बरबँक मागे टाकले की सन व्हॅली लागते. भंगाराची आवारे, खडी-वाळूच्या खाणी आणि ट्रकांची धूळ यांतून रस्ता डोंगराच्या पायथ्याशी चढतो आणि तिथे थिओडोर पेन फाउंडेशनची 22 एकरांची जागा आहे. पेन मूळचे इंग्लंडचे. 1893 साली ते कॅलिफोर्नियात आले, 1903 मध्ये त्यांनी स्वतःची रोपवाटिका सुरू केली आणि शेती व वस्तीखाली झपाट्याने नाहीशी होत चाललेली इथली रानफुले बिया गोळा करून बागांमध्ये आणण्यात आयुष्य घातले. त्यांच्या नावाची ही संस्था 1960 सालची. गाडीतून उतरताच सेज नावाच्या इथल्या रानझुडपाचा उग्र, कापरासारखा वास आला आणि धुळीचा रस्ता विसरायला झाला.

सक्युलंटची मांडणी अर्ध्या सावलीत होती. ज्याला इथे खडूचा डडलिया म्हणतात, त्याची सात-आठ रोपे एका फळीवर होती. पाने कमळाच्या पाकळ्यांसारखी एकात एक बसलेली आणि त्यांच्यावर रांगोळीच्या पुडीसारखा पांढराशुभ्र थर. हा थर मेणाचा असतो. तो ऊन परतवतो आणि पाण्याचे थेंब पानावर टिकू देत नाही. एका पानावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा हिरवा उमटलेला होता. पुसलेले मेण त्या पानावर पुन्हा चढत नाही, म्हणून रोप नेहमी कुंडीला धरूनच उचलायचे, हे मला तिथल्या एका वयस्कर स्वयंसेविका बाईंनी दाखवले.

मी त्यांना मागची सगळी हकीकत सांगितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "उन्हाळ्यात तिला झोपू द्या. बाहेरची पाने कागदासारखी वाळतील, गाभा मिटून लहान होईल. ती मेलेली नसते." मग त्यांनी कुंडी तिरपी धरली. कड्याच्या कपारीत हे रोप असेच कलून वाढते, त्यामुळे पावसाचे पाणी गाभ्यात साचत नाही. सपाट वाफ्यात सरळ लावले तर तेच पाणी त्याला कुजवते.

त्या बोलत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर शिवनेरी उभा राहिला. तिथल्या कड्यांवर शिंदळ माकुडी उगवते, आपल्या सह्याद्रीचे स्वतःचे दुर्मीळ सक्युलंट. 1865 च्या सुमारास डॅल्झेल यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. पावसाळ्यात तिला पाने येतात, तांबड्या चांदणीसारखी फुले येतात, आणि कोरड्या दिवसांत पाने गाळून ती नुसत्या जाड दांड्यांवर तग धरते. म्हणजे दोघीही पावसात जागतात आणि कोरड्यात निजतात; फरक इतकाच की इथला पाऊस हिवाळ्यात येतो. मी ऋतू बघून पाणी घातले, पाऊस बघून नाही, ही माझी चूक मला तिथे त्या फळीसमोर नीट उमगली.

डडलिया विकत घेताना आणखी एक गोष्ट विचारावीच लागते, ती म्हणजे रोप आले कुठून. काही वर्षांपूर्वी या राज्याच्या किनाऱ्यावरून हजारो डडलिया चोरून उपटल्या गेल्या आणि पूर्व आशियातल्या हौशी गिऱ्हाइकांकडे त्या जात होत्या. शेवटी 2021 साली त्यांच्या संरक्षणासाठी कॅलिफोर्नियाला स्वतंत्र कायदा करावा लागला. कड्यावरून ओरबाडलेले रोप स्वस्तात मिळाले तरी मी ते घरात आणणार नाही. इथली रोपे वाटिकेतच वाढवलेली होती.

बाकी खरेदी भराभर झाली. पांढऱ्या सेजचे एक रोप घेतले. मोनार्क फुलपाखरांसाठी अरुंद पानांच्या मिल्कवीडच्या दोन कुंड्या घेतल्या, ज्यांत त्या वेळी अर्धवट वाळलेल्या काड्यांपलीकडे काही दिसत नव्हते. आपल्या रुईच्याच कुळातली ही वनस्पती, मोडलेल्या देठातून तसाच पांढरा चीक येणारी. शिंदळ माकुडीही त्याच कुळातली. पैसे देताना आणखी एक सल्ला मिळाला, तो असा की खड्ड्यात शेणखत किंवा कंपोस्ट अजिबात घालू नये, कारण ही झाडे हलक्या, निचऱ्याच्या जमिनीची आहेत.

घरी परसातल्या दगडी बांधाला उत्तरेच्या बाजूने एक फट आहे. दुसऱ्या दिवशी त्यात खडी आणि भुसभुशीत माती भरून मी डडलिया तिरपी बसवली, बुडाशी एकदाच पाणी दिले आणि झारी आत नेऊन ठेवली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री पहिली सर आली. सकाळी गाभ्यात दोन नवी पाने उलगडत होती, मेणाने पांढरी, एकाही बोटाचा ठसा नसलेली.